उरलेल्या गोळ्या

औषधाच्या उरलेल्या गोळ्या 'असू देत, लागतील' म्हणून आपल्यापैकी कोण ठेवत नाही, सांगा पाहू! आपल्या या शिंप्यानेही ठेवल्या होत्या, बटणांच्या डब्यात. बायकोला मलेरिया झाला, गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, तशा त्याने गोळ्या बंद केल्या. "कशाला उगाच पोटात ढकलायच्या?" म्हणाला. त्याने पेपरात वाचलं होतं, की मलेरिया झाला की हाडांच्या आतल्या मगजातल्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या, मूळपेशी खास लढवय्या पेशी तयार करतात. झालं! गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो ऐकवायचा, "शरीरातच फौज आहे हो!" बायको आतून म्हणायची, "आणि फौजेला जेवायला मीच वाढायचं ना?"

तीन आठवड्यांनी तिला पुन्हा ताप भरला. शिंपी फौजेची वाट पाहत राहिला. पाचव्या दिवशी ती गेली.

ती जाऊन महिना झाला आणि लेक तापाने फणफणली. या वेळी मात्र तो तिला घेऊन धावत दवाखान्यात आला. रक्त तपासणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "मलेरियाच आहे. आजच गोळ्या सुरू करा."

"आहेत घरी. हिच्या आईच्या उरलेल्या."

बाईंनी मान वर केली. "उरल्या कशा?"

शिंप्याने सगळं सांगितलं, पेपरातलंही. बाई ओरडल्या नाहीत.

"दादा, बातमी खोटी नव्हती. उंदरांमध्ये तशा पेशी सापडल्यात. पण फौज उभी राहायला वेळ लागतो, आणि जंतू काही थांबत नाहीत, ते वाढतच जातात. गोळ्या त्या फौजेला वेळ मिळवून देतात. ताप उतरला तरी थोडे जंतू रक्तात राहिलेले असतात. म्हणून तर पूर्ण डोस घ्यायचा."

"म्हणजे... ती वाचली असती?"

बाई म्हणाल्या, "बहुतेक. खोटं कसं सांगू तुम्हाला?"

अरे देवा! शिंपी मटकन बाकावर बसला. शेवटच्या दिवशी तिने स्वतःहून गोळी मागितली होती. डबा हाताच्या अंतरावर होता, आणि तो म्हणाला होता, "जरा धीर धर गं." तो ओक्साबोक्शी रडला. लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाईंनी नव्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी लेक उठून बसली. "बाबा, मला बरं वाटतंय. शेवटची गोळी राहू दे ना."

शिंप्याने गोळी तिच्या हातावर ठेवली. "तुझ्या आईलाही बरंच वाटत होतं, पोरी."

लेकीने मुकाट्याने गोळी गिळली.

वाचकहो, आपलं शरीर लढतं, अगदी हाडांच्या आतून लढतं. पण त्याच्या भरवशावर औषध अर्धवट सोडू नका. शिंप्याला हे कळलं, पण आता ते बायकोला सांगायची सोय उरली नाही.