वरचा थर

पेटी भरायची आमची एक रीत आहे. बारीक मासळी तळाला, आणि वर पाच-सहा मोठे मासे, तोंडं एकाच दिशेला. झाकली मूठ सव्वा लाखाची! व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो भाव पाडूनच बोलतो. कुणी कुणाला फसवत नाही.

फसलो ते आम्हीच. दरवर्षी मत्स्य खात्याचा माणूस लिलावाच्या ओट्यावर यायचा, पेट्यांमधले वरचे मासे मोजपट्टीला लावायचा आणि लिहायचा, 'खाडीत मासळी उत्तम.' तो कागद मी, मच्छीमार समितीचा अध्यक्ष, बैठकीत वाचून दाखवायचो. पेट्या भरणारे हात आमचेच, तरी ते ऐकून आम्हाला हायसं वाटायचं.

माझी लेक मासळी वाचवणाऱ्या संस्थेत काम करते. सात वर्षं ती बैठकीला येऊन दाराजवळच्या बाकावर बसायची. तिनं हात वर केला की मी म्हणायचो, "ज्याची होडी नाही, त्यानं समितीत बोलायचं नाही." होडी मी तिच्या भावाच्या नावावर केली होती. सगळे हसायचे. मीही हसायचो, त्याची आज लाज वाटते.

"बाबा, एकदा पेटी उलटी करा ना," ती घरी जेवताना म्हणायची. "तळाची मोजा. अंडी घालायच्या आधीच पकडतोय आपण. दोन महिने तरी खाडी बंद ठेवा."

"फार शहाणी झालीस! दोन महिने काय हवा खायची?" आणि मी ताट सरकवून उठायचो.

यंदा वरून हुकूम आला. संस्थेलाही समितीत एक खुर्ची, एक मत. काल ती पहिल्यांदा टेबलाशी बसली, माझ्या समोर. तीन आठवडे जाळं जवळजवळ रिकामं येत होतं, माझीही घमेंड उतरली होती. खाडी बंद ठेवायचा ठराव मीच मांडला. सगळे हात वर गेले, तिचा सोडून.

"अगं, तुझंच म्हणणं ना हे?"

तिनं वही उघडली. "मागच्या हंगामात गाबोळीनं, अंड्यांनी भरलेल्या अकरा माद्या सापडल्या होत्या, बाबा. यंदा एकही नाही. मला खुर्ची नको होती हो. मासे हवे होते."

मग तिनं हात वर केला आणि तसाच धरून रडायला लागली. "बैल गेला नि झोपा केला," मागून कुणीतरी पुटपुटलं. मी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, ते काही जमलं नाही.

बंदी उद्यापासून आहे. आज सकाळी शेवटची पेटी भरताना वर ठेवायला मोठा मासा शोधत राहिलो. दोनदा हात फिरवला. मग ओट्यावरूनच लेकीला फोन लावला.

"मोजपट्टी घेऊन ये, बाळा. पेटी उलटी करायला नको. वरपासून तळच आहे."