देवांची नावं संपेपर्यंत

"ते मोजे काढ गो आधी," गोदू म्हणाली. "मांडवात असे पाय घेऊन येशील?"

केसर कोठीच्या खोलीत पाटावर बसली होती. अंगावर हिरवं लुगडं होतं, आगरी पद्धतीने वर खोचलेलं, पोटऱ्या उघड्या ठेवणारं. एरवी ती साडी नेसायची, घरात मॅक्सी. पण लग्नाचे धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी धवलारीण मांडवात उभी राहते ती लुगड्यातच. त्या लुगड्याखाली गुडघ्यापर्यंत घट्ट चढवलेले डॉक्टरी मोजे दिसत होते. कातडीच्या रंगाचे म्हणून दिलेले, पण तो रंग गावातल्या कुणाच्याच कातडीचा नव्हता.

"डॉक्टरीनबायने सांगलंय," केसर म्हणाली. "उभं राहाचं तर घालाचेच."

"देवांना बोलवाला चाललीस का क्रिकेट खेलाला?"

दारात बसलेल्या बायका हसल्या. केसरही थोडी हसली. गोदू तिची थोरली जाऊ होती आणि आज तिच्याच मुलाला, विनेशला, हळद लागायची होती. गोदूच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त आपल्या मुलाच्या लग्नात काही कमी पडायला नको होतं.

केसरने मोजे काढले. ते सहजी निघत नसत. सोलल्यासारखे उतरवावे लागत आणि उतरल्यावर पोटरीवर वळ राहत. तिने त्यांची घडी करून पिशवीत घातली. मग भांडंभर पाण्यात मुठीतलं मीठ टाकलं, ढवळलं आणि एका दमात प्याली.

मांडवा बंदराच्या अलीकडच्या त्या गावात ब्राह्मण लग्न लावायला येतो, पण त्याच्या आधीचं सगळं धवलारणीच्या हातात असतं. उंबराची फांदी आणणं, चूल मांडणं, घाणा भरणं, हळद. प्रत्येक विधीचं गाणं वेगळं आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. केसरला ती सगळी गाणी तिच्या सासूने, मनुबाईने, भात निवडता निवडता दिली होती. मनुबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्याच आठवड्यात केसरलाही ताप आला होता. तिचा साधाच निघाला, घरीच उतरला. लोक म्हणाले, सासू गेली, सून वाचली, देवाने धवला राखला.

वाचली ती कशा अवस्थेत, हे तिचं तिलाच कळायला बरेच महिने गेले.

अंथरुणातून उठून उभं राहिलं की छाती धडधडायची, जशी एखाद्याने धावत येऊन दार ठोकावं. भात शिजेपर्यंत चुलीपाशी उभं राहवत नसे. आंघोळीचं गरम पाणी अंगावर घेतलं की डोळ्यांपुढे काजवे. जेवण झालं की हात थरथरत. पाय जांभळट पडत. कधी भर उन्हात थंडी वाजायची, तर कधी पंख्याखाली घामाची धार. आणि पडून राहिलं की हळूहळू सगळं शांत. हेच तिला नडलं. आजारी माणूस पडून बरं होत नाही, पडून बरं वाटतं ते आळशाला, असं गावाचं साधं गणित होतं. ईसीजी काढला, तो चांगला. रक्त चांगलं. थायरॉईड चांगला. बसवून घेतलेलं ब्लडप्रेशर चांगलं. एका डॉक्टरने टेन्शन घेऊ नका म्हटलं, दुसऱ्याने झोपेची गोळी दिली. गोदू म्हणाली, करोना जाऊन किती वर्सं झाली, आमी सगली कामाला लागलो, हिचाच कसा निघत नाय?

शेवटी अलिबागला एका डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर निजवलं, थोडा वेळ पडू दिलं, नाडी पाहिली. मग भिंतीशी उभं केलं आणि उभ्याने पुन्हा पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. केसर भिंतीला धरून थरथरत होती. बाईंनी तिला परत निजवलं आणि हरेश्वरला आत बोलावलं. हरेश्वर तिचा नवरा. पेणच्या बाजूला डंपरवर ड्रायव्हर होता, त्या दिवशी खाडा करून आला होता.

बाई म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे. आपण उभे राहिलो की रक्त पायांत उतरतं. ते वर पाठवायचं, ठोके सांभाळायचे, घाम, पचन, ही कामं शरीर आपल्याला न विचारता करत असतं. ती करणाऱ्या नसांचं तंत्र करोनानंतर बिघडलंय. असे बरेच पेशंट आहेत. तुम्ही सोंग करत नाही."

हे शेवटचं केसरने विचारलं नव्हतं. ते ऐकून ती आडव्या आडव्याच रडली, पाणी कानांत गेलं.

बरं कधी होईल, या प्रश्नावर बाईंनी खरं उत्तर दिलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. काहींना फरक पडतो, काहींचं राहतं. पाणी भरपूर, मीठ जास्त, हे मोजे, उन्हात उभं राहणं टाळा. मीठ म्हटल्यावर केसरला हसू आलं. तिचा बाप मिठागरावर राबून गेला होता. घरात दुसरं काही नसलं तरी मीठ असायचं.

मग बाईंनी हरेश्वरकडे बोट केलं. "पडल्या तर धरून उभं करू नका. आडवं झोपवा, पाय उंच करा. उभं धरून ठेवलं तर डोक्याला रक्त पोचत नाही. हे घरात सगळ्यांना सांगा."

हरेश्वरने मान हलवली. पण घरात त्याने कुणाला सांगितलं नाही. आजाराचं इंग्रजी नाव त्याला घेता येत नव्हतं आणि नाव नसलेला आजार सांगायला त्याला लाज वाटत होती.

गेल्या वर्षी एका लग्नात मांडवात केसरची पहिल्यांदा शुद्ध हरपत गेली. तेव्हा हरेश्वर कामावर होता. तिचे हात थरथरले, चेहरा पांढराफटक पडला, मान मागे पडली. आणि कुणीतरी म्हणालं, वारं आलं. एकविरा आली. त्यासरशी चार बायकांनी तिला बगलेतून धरलं. ज्याच्या अंगात देव येतो त्याला तिथे झाड म्हणतात आणि देव असेपर्यंत झाडाची पाठ जमिनीला लागू देत नाहीत. बायकांनी तिला ताठ उभं धरून ठेवलं, पायांवर पाणी घातलं, कपाळ कुंकवाने भरलं आणि प्रश्न विचारले. तिला सगळं ऐकू येत होतं, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. जीव जातोय असं वाटत होतं आणि तो जाताना लोक हात जोडत होते.

शुद्धीवर आल्यावर ती सांगत राहिली, देवी नव्हती, मना चक्कर आयली. म्हातारे समजुतीने हसले. झाडाला काय ठावं, म्हणाले.

म्हणून आज तिने खुर्ची मागितली होती. देवांना मांडवात बोलावण्याचा धवला लांबलचक असतो. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला ये म्हणायचं आणि शेवटचं नाव येईपर्यंत धवलारणीने बसायचं नाही, ही या गावाची रीत. गोदूने खुर्चीचं ऐकूनच घेतलं नव्हतं. ती म्हणाली होती, "पावन्याला आवतन द्याला जातेस तवा त्याच्या दारात खुर्ची मागतेस काय?"

तुझ्या जागी सोनलला उभी करू का, असंही गोदूने विचारलं. सोनल ही वाडीतली नवी सून. केसरकडूनच दोन वर्षं गाणी शिकत होती, आवाज गोड होता, पण देवांच्या नावांत अजून गोंधळायची. केसर लगेच नको म्हणाली. मनुबाईने आपल्याला दिलेलं एवढं एकच तिच्याकडे उरलं होतं. भाकरी थापणं सुटलं होतं, शेत सुटलं होतं, मांडव्याच्या बाजाराला जाणं सुटलं होतं. हे सुटलं की केसर म्हणजे फक्त एक पडून राहणारी बाई.

डीजे बंद झाला. मांडवात पिवळे कुडते, पिवळ्या साड्या, पाटावर विनेश. पत्र्याखाली हवा कोंडली होती. केसर उभी राहिली आणि तिने आवाज लावला.

सुरुवात चांगली झाली. गावदेवी आली, मारुती आला. डोंगरावरून कनकेश्वर आला. सोनल आणि दोन म्हाताऱ्या मागून तीच ओळ ओढत होत्या. केसर पोटऱ्या आवळत होती, पायाची बोटं जमिनीत रुतवत होती, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं. छातीतलं दार ठोकणं सुरू झालं. तिने ते गाण्याच्या ठेक्यात बसवायचा प्रयत्न केला, पण ते ठेक्याच्या पुढे धावत सुटलं. खाडीच्या बांधावरचा, खारबंदीवरचा बापदेव आला. वेताळ आला. घाम कानामागून पाठीवर गेला. आता मांडवाच्या कडा काळ्या पडू लागल्या आणि मधला तेवढा गोल उरला. त्या गोलात विनेशचं हळदीचं कपाळ होतं.

पुढचं नाव आठवेना. तिने मागचंच पुन्हा घेतलं. म्हाताऱ्यांनीही ते पुन्हा ओढलं. मग हात थरथरले.

"आली," कुणीतरी म्हणालं. "आई आली."

गोदूनेच तिला पहिल्यांदा धरलं. डाव्या बगलेत गोदू, उजवीकडे आणखी कुणी, मागून एक गुडघा पाठीला लागलेला. पायांवर गार पाणी पडलं. केसरची मान ढळत होती आणि ती कुणीतरी हनुवटीला धरून वर करत होतं. मना निजवा, असं ती म्हणाली. निदान तिला तसं वाटलं. ओठ हलले, पण मांडवात उदो उदो सुरू झाला होता.

उरलेल्या गोलात तिला हरेश्वर दिसला. मांडवाच्या खांबापाशी उभा होता, आज तो घरी होता. त्याला माहीत होतं. साऱ्या मांडवात त्याला एकट्याला माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानेही पाहिलं. त्याचं पाऊल पुढे आलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याने टोपी काढून हात जोडले, त्याच्या पलीकडच्याने जोडले, आणि हरेश्वर थांबला. त्याचे हात हळूहळू वर आले आणि छातीपाशी जुळले.

केसर नावाच्या बाईचं इथे कुणी ऐकणार नव्हतं. हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ समजलं. उरला होता तेवढा सगळा श्वास तिने पोटातून ओढला आणि धवल्याचा नव्हे असा, जाड, ओरबाडणारा आवाज काढला.

"माझ्या झाडाला निजवा."

उदो उदो थांबला.

"निजवा. पाय वर धरा. माझं झाड थकलंय."

गोदूचे हात लगेच सैल झाले. घाईघाईने कुणी चटई अंथरली, तिला आडवं केलं. पाय तांदळाच्या पोत्यावर ठेवले, पुरुषांनीसुद्धा हात लावला. डोक्याकडे रक्त परत येताना कानांत समुद्रासारखा आवाज झाला. काळ्या कडा मागे सरकल्या. वर पत्र्याखाली ताणलेलं लाल-पिवळं कापड दिसू लागलं आणि त्याखाली सावकाश फिरणारा पंखा. छातीतलं ठोकणं हळूहळू लांब गेलं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी असं वेळेवर आणि नीट निजवलं होतं.

गोदू तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होती. आई, चुकलं आमचं, म्हणत होती. केसरला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण देवीने तसं केलं असतं का, हे तिला ठरवता येईना. तिने हात पोटावरच ठेवला.

बाजूला सोनलने धवला पुढे उचलला. केसर विसरली होती ते नाव एकविरेचं होतं. सोनलने ते बरोबर घेतलं. पुढची दोन नावं मागेपुढे झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्न पार पडलं. त्यानंतरच्या लग्नांना सोनलला बोलावणं गेलं. ते केसरच्या अपमानासाठी नव्हतं. ज्या बाईच्या अंगात देव येतो तिला मांडवात उभी कशी करणार, मुहूर्त टळला तर काय, असा सरळ विचार होता. केसरला मानाचं लुगडं मात्र घरपोच आलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला विचारायला माणसं येऊ लागली. कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते, कुणाचा रेवस बंदरावरचा मासळीचा धंदा बसला होता. केसर आतल्या खोलीत पाय उंचावर ठेवून पडलेली असायची. लोक दाराशीच बसत आणि नारळ ठेवून जात. तुझी तब्येत कशी, हे कुणी विचारत नव्हतं. डंपर मालक हरेश्वरला आता अहोजाहो करत होता.

एकदा ती त्याला म्हणाली, "त्या रोजी तुमाला ठावं होतं. बोललंव का नाय?"

तो दाराच्या कडीशी खेळत राहिला. "बोललो असतो तर कोन ऐकनार होतं? डाक्टरनीचं सांगून ऐकली असती गोदू वयनी?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "आथा गावात कुटंही पडलीस तरी तुना निजवतील. पाय वर करून. बाय म्हनाली होती तसंच."

ते खरं होतं.

एका शुक्रवारी शेजारच्या वाडीत हळद होती. डीजे थांबला आणि भोंग्यातून सोनलचा आवाज आला. गावदेवी, मारुती, कनकेश्वर. केसर आडव्यानेच ओठ हलवत होती. बापदेवाच्या आधी सोनलने वेताळाला बोलावलं. केसर क्षणभर थांबली, मग तीही सोनलच्या मागून तसंच म्हणत गेली.

फाटकापाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. कुणी बाया उतरल्या, नारळाच्या पिशवीसकट. हरेश्वर ओटीवरून उठला. दोरीवर तिचे मोजे वाळत घातले होते, दोन रिकाम्या पायांसारखे लोंबत होते. त्याने फाटकाकडे पाहिलं, मग घाईने ते ओढून काढले आणि आत आणून तिच्या उशाखाली सारू लागला.

"वले हायत अजून," केसर म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला, आणि दार उघडायला गेला.