हिरव्या पातळाचे पोपट

आसेगावच्या जानराव टेलरांनी चाळीस वर्षांत आसपासच्या तीन पिढ्यांचे पँट-शर्ट शिवले आणि तिन्ही पिढ्यांना कंबर जरा आवळच दिली. लोकांनी कधी तक्रार केली नाही. पोट कमी केलं. असा माणूस म्हातारपणी बाळाच्या गोधडीवर पोपट शिवत बसेल असं कुणी सांगितलं असतं, तर गावानं सांगणाऱ्यालाच मोतीबिंदूच्या शिबिरात नेऊन बसवलं असतं.

पण नात झाली, धम्मदीपा. आणि पेटीत बायकोचं हिरवं पातळ होतं. भागिरथाबाईंना जाऊन दोन वर्षं झालेली. पातळ त्यांनी इतकं नेसलं होतं की धड म्हणावा असा पदराजवळचाच काय तो तुकडा उरला होता. सून सुकेशनीनं त्यातून नऊ पोपट कापले, मागे इस्तरीनं वितळणारी चिकट जाळी लावली आणि पांढऱ्या मांजरपाटावर ते गरम इस्तरीनं बसवून टाकले. दहावा निघेल एवढं कापड नव्हतं. आता कडा मशीनवर शिवायच्या. नाही शिवल्या तर दोन धुण्यांत पोपट उडाले असते, आणि आजीला नातीच्या अंगावर पोचायला दुसरा रस्ता नव्हता.

मशीन मुलानं, संघदीपनं, नवीन आणलेलं. त्यावर एकवीस टाक्यांची चित्रं. जानरावांनी जन्मभर एकच टाका मारला होता, सरळ, आणि तो पुरलाही होता. पण एकवीस टाके समोर मांडलेले दिसले की माणसाचं जे होतं तेच झालं. त्यांनी सगळ्यांत भरगच्च टाका निवडला; इतका दाट झिगझॅग की दोऱ्याखाली कड दिसायलाच नको. सुकेशनीनं आधी चिंधीवर करून पाहायला सुचवलं. चिंधीवर नवशिके करतात, असं त्यांनी तिला समजावलं. सुईसुद्धा बदलली नाही. पँटीची, सोळा नंबरची, तीच ठेवली.

गळ्यापासून सुरुवात केली, आणि पहिल्या पोपटाची चोच वळणापर्यंत येता येता बदकाची झाली. वर दोऱ्याचा गोळा. ते उसवायला बसले, तर दोऱ्याबरोबर जाळीसकट कडच सुटून आली. सुईनं जुन्या कापडात भोकाला भोक लावून ठेवलं होतं. पोस्टाचं तिकीट फाडावं तसा पोपट गळ्यातून वेगळा झाला.

जानराव ते हिरवं मुंडकं तळहातावर घेऊन बसून राहिले. सुकेशनी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"बोल ना माय. मी सांगतलं होतं, असं म्हण."

"मी कायले म्हणू मामाजी? तुमीच म्हणून राह्यले."

मग तिनं अकरा नंबरची बारीक सुई लावली. पातळाचाच एक विरलेला तुकडा घेऊन तोही जाळीनं मांजरपाटावर चिकटवला, म्हणजे कापड खरं बोलेल. खाली झिरझिरीत कागद धरला आणि त्यावर चार तऱ्हेचे टाके बोट बोट लांबीचे मारून पाहिले. सरळ टाक्यात कडेच्या दशा सुटल्या. रुंद झिगझॅग करवतीसारखा दिसला; पोपटापेक्षा सुताराला शोभला असता. बारीक झिगझॅग बरा होता, पण सुई तरी पुन्हा पुन्हा जुन्या कापडातच घुसत होती. चौथ्यात मात्र सुई कडेच्या बाहेरून, नव्या कापडावरून चालली आणि मधूनमधून एकच पाऊल आत टाकून परत फिरली.

जानरावांनी चष्मा वर सारला. "हे त काज हाय."

दुकानातल्या प्रत्येक शर्टाची काजं भागिरथाबाई घरी बसून हातानं करायच्या. पाटीवर नाव जानरावांचं. गिऱ्हाईकांनी काजांची तारीफ केली की जानराव मान खाली घालून हसायचे. काजं तिची, नम्रता यांची.

"मले कधी जमलं नाही हे," ते म्हणाले. "आन् तिले कधी सांगतलंबी नाही."

"काय?"

"मले जमत नाही म्हणून."

सुकेशनीनं कागद नीट केला. मग म्हणाली, "बसा इकडं. वळणावर थांबताना सुई बाहेरच्या कापडात पाहिजे. मंग मशीनचा पाय उचला, कापड फिरवा. चोचीपाशी टाका लहान घ्या."

उरलेल्या आठ पोपटांना चार दिवस लागले. एसटी थांबावी तसे जानराव प्रत्येक वळणावर थांबले, आणि प्रत्येक थांब्यावर सुनेला विचारून पुढे निघाले. पहिल्याचं, म्हणजे आता नवव्याचं, मुंडकं जाग्यावर ठेवून, गळ्यावर पातळाची एक पट्टी चिकटवून तिच्याही कडेनं तोच टाका फिरवला. त्यामुळे तो पोपट गळ्याला मफलर गुंडाळून बसल्यासारखा झाला. थंडीचे दिवस होते. कुणाला खटकलं नाही.

गोधडी अंगावर पडल्याबरोबर धम्मदीपानं पाव तासात ती ओली केली. सुकेशनीनं बादलीत घालून चांगली खळबळली. जानराव बाजूला उभे, निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभे राहावं तसे. गोधडी तारेवर गेली तेव्हा त्यांनी एकेका चोचीखाली नख घालून पाहिलं. मफलरवाल्याला दोनदा. एकही कड उचलली नव्हती.

"सुकेशनी," ते म्हणाले, आणि पुढचं यायला चोच शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. "मले येत नव्हतं. तू शिकवलं. लय चांगलं केलं तू."

सुकेशनीच्या तोंडात चिमटे होते. तिनं एक काढला.

"दुसरं टोक धरा मामाजी, मातीत लोंबून राह्यलं."

त्यांनी धरलं.