शेवटचा फर्मा

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी फाटकी पुस्तकं बांधते. एक लांब टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा एक शिकंजा, खळीचं पातेलं आणि वाचकांनी हाल केलेली पुस्तकं. पुस्तकांवर आमचा फार जीव आहे म्हणतात, आणि पानांचे कान पिळून ठेवतात.

त्या गुरुवारी सकाळपासूनच माझं लक्ष दाराकडे होतं. त्यात अकराच्या सुमारास दुसऱ्या शाखेतून दुरुस्तीचा गठ्ठा आला आणि त्यात ते पुस्तक निघालं. माझं पुस्तक. लिहिलं दुसऱ्याच कुणी, पण बावीस वर्षांपूर्वी ते वाचून संपवलं आणि पाचव्या दिवशी चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन मी नवऱ्याचं घर सोडलं. पुस्तकातली बाई मार खाऊन खाऊन एक दिवस पिशवी भरते आणि आगगाडीत बसते. गाडी हलली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं नाही, हे शेवटचं वाक्य. ते पुस्तक परत करायला म्हणून या ग्रंथालयात आले ती इथलीच झाले. प्रत जुनी झाल्यावर ती मलाच देऊन टाकली, आणि मी तिला लाल कापडाची बांधणी केली.

ती लाल प्रत महिन्यापूर्वी मी मुलीला दिली होती. तिच्या नवऱ्यानं तिचा फोन काढून घेतला होता. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा, आणि दंडावरचे वळ ती बाह्यांखाली झाकायची. ‘निघून ये’ असं तोंडानं म्हणायला मी घाबरले. नुसतं म्हटलं, “वाच.” सोमवारी शेजारणीच्या फोनवरून तिचा आवाज आला, “आई, वाचलं. काकूंनी किल्ली करून दिलीय. गुरुवारी सकाळच्या बसनं निघते, एकपर्यंत ग्रंथालयात पोचेन.”

आणि नेमकं त्याच गुरुवारी ती दुसरी प्रत माझ्या हातात होती. हातात घेताच मला ती जाड लागली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं, आम्ही ते अंगठ्यानं मोजतो. माझ्या प्रतीत तेरा फर्मे होते. हिच्यात चौदा. मी पुन्हा मोजले. चौदाच.

दोनशे आठव्या पानावर तेच वाक्य होतं, पानाच्या अगदी तळाला, पूर्णविरामासकट. आणि पान उलटलं तर पुढे गोष्ट चालूच होती.

मी उभ्या उभ्या वाचलं. ती बाई तिसऱ्या स्टेशनावर उतरते. बाकावर बसून राहते. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. नवरा दार उघडतो, काही बोलत नाही, ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावते. संपलं! मेल्यानं लिहिलं होतं इतकं सुंदर की वाचताना मलाही क्षणभर वाटलं, बरं झालं बाई, घरी आलीस.

हे कसं झालं असेल ते मला न सांगता कळलं. माझ्या प्रतीच्या फर्म्यांची जुळवणी करताना कुणीतरी चहा पीत गप्पा मारत बसलं आणि शेवटचा गठ्ठा उचलायचा राहिला. म्हणजे माझं आयुष्य एका वेंधळ्या बाइंडरनं ठरवलं होतं! बाइंडर झाल्यावर तरी मला संशय यायला हवा होता. आला नाही, कारण तो यावा असं मला वाटतच नव्हतं.

ग्रंथपालबाई डोकावल्या. “मावशी, भूत बघितल्यासारखा चेहरा का झालाय?”

“खळ करपली,” मी म्हटलं. खळ अजून शेगडीवर चढलीसुद्धा नव्हती.

त्या गेल्या आणि मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. दोरा कापला, शेवटचा फर्मा ओढून काढला आणि ॲप्रनच्या खिशात कोंबला. मुलगी येईल, टेबलावर ही प्रत बघेल, चाळेल, एवढंच डोक्यात होतं.

एक वाजला. ती आली नाही. दोन वाजले. फोन करावा तर तिचा फोन जावयाच्याच हातात. तीन वाजता खिशातली सोळा पानं निखाऱ्यासारखी वाटायला लागली. कुठंतरी अर्ध्या वाटेवर ती उतरली असेल, परत गेली असेल, आणि दार उघडणारा पुस्तकातल्यासारखा गप्प राहणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

चार वाजता फोन वाजला. जावई.

“आई, ही तुमच्याकडे आलीय का?” आवाज अगदी गोड.

“नाही,” मी म्हटलं. खरंच तर होतं.

“आली की सांगा हं. काळजी वाटते.”

पुढचा दीड तास मी एकही टाका घातला नाही. दारावर पाऊल वाजलं की उठायचं, वाचक निघाला की बसायचं.

साडेपाचला ती दारात उभी राहिली. हातात एक पिशवी, चेहरा पांढराफटक. मी तिला आत ओढलं आणि कडी घातली.

“कुठं होतीस?”

“मधल्या स्टँडवर उतरले होते.” ती स्टुलावर बसली. “आई, ती बाई गाडीत बसते आणि पुस्तक संपतं. पुढं ती काय करते, कुठं राहते, काहीच नाही. मला एकदम भीती वाटली. परतीच्या बसमध्ये चढलेसुद्धा. मग उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले. पुढं काय होतं तिचं?”

माझा हात खिशावर होता. खोटं बोलायला एका श्वासाचा वेळ पुरला असता.

“ती एका ग्रंथालयात काम धरते,” मी म्हटलं. “पोरीला टेबलाखाली झोपवते. नवरा दोनदा येऊन दारात तमाशा करतो, तेव्हा ती थरथर कापते. वर्षभर कापते. दाराला कडी घालून, कडीला खुर्ची लावून, पोरीला भिंतीकडच्या बाजूला घेऊन झोपते. पण राहते. पोरगी मोठी होते.”

तिनं विचारलं, “हे पुस्तकात आहे?”

“नाही. पुस्तकात ती परत जाते.” मी फर्मा काढून तिच्या मांडीवर ठेवला. “माझ्या प्रतीत ही पानं नव्हती. मला आजच कळलं. तुझ्यापासून लपवणार होते.”

ती वाचायला लागली. मी तिच्या बोटाकडे बघत होते. पहिलं पान, चौथं, नववं. बाकावरच्या पानाशी ती फार वेळ थांबली. असं सुंदर लिहिलेलं वाचून ती उठली, पिशवी उचलली तर मी काय म्हणणार होते? अडवायला माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

सोळावं पान संपलं. तिनं सगळी पानं टेबलावर ठोकून कडा नीट जुळवल्या आणि माझ्याकडे दिली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “परत शिवून टाक. लोकांना वाचू दे.”

टेबलावर माझा फोन वाजायला लागला. जावईच. आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो. वाजून वाजून तो थांबला. तिचे ओठ कापत होते, आणि माझेही.

“आई,” ती म्हणाली, “आज मी भिंतीकडच्या बाजूला झोपेन. चालेल?”