दातांनी ऐकलेलं चाक

माझ्या बोलण्यातलं निम्मं खोटं असतं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कोणतं निम्मं, ते मला विचारू नका. मलाही आता नीट आठवत नाही. पण कान्याच्या कानाबद्दल मी जे सांगतो त्यात फोडणी तेवढी माझी, बाकी सगळं खरं.

कान्या म्हणजे गॅरेजातला माझा भागीदार. एकदा तापाने फणफणून पडला होता. खिडकीखालून ट्रक गेला, तर हा पांघरुणातूनच ओरडला, "थांबवा त्याला, मागच्या चाकाचा नट सैल आहे!" ट्रकवाल्याने उतरून पाहिलं, सगळे नट घट्ट. तो शिव्या घालत निघाला, आणि पुढच्या चौकात त्याचा नट पडला. म्हणजे कान्याने तो सैल व्हायच्या आधीच ऐकला होता.

अशा माणसाला मी घालवलं.

झालं असं. एका गिऱ्हाइकाची गाडी पुढून घूं घूं अशी घुमत होती. कान्या म्हणाला, "डावं बेअरिंग." मी स्वतः चालवून पाहिली, स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की घुमणं वाढायचं. वाढतंय उजवीकडे वळताना, मग दोष डाव्यात कसा? मी उजवं चाक खोललं आणि चांगलं धडधाकट बेअरिंग काढून नवं ठोकलं. घुमणं होतं तिथेच. खरं तर गाडी उजवीकडे वळली की तिचं सगळं वजन डाव्या चाकावर जातं, आणि दुखरा पाय वजन पडल्यावरच ओरडतो. हे मला कान्याने शंभरदा सांगितलं होतं. पण गिऱ्हाईक भर रस्त्यात तणतणायला लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काय करू? याच्या कानाने सांगितलं."

समोरचा बाइंडर, शेजारचा छापखाना, सगळ्यांनी ऐकलं. कान्याने हात पुसले, डबा उचलला आणि गेला. त्याला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांत मी त्याच्याशी रोज बोललो. बॉनेट उघडलं की म्हणायचो, "काय रे, काय वाटतं?" आणि मग गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा इंजिनाशी बोलतो. वाटू दे. त्याच्या घराखालून जाताना मात्र मी सायकलवरून उतरत नसे. पॅडल उलटं मारत, चेन खडखडवत जायचो. त्याला ऐकू जावं म्हणून.

मग परवा बाइंडरने बातमी दिली: कान्या घर आवरतोय, रविवारी मुलगी येऊन त्याला कायमचं घेऊन जाणार. तो दिवस गुरुवार होता.

आणि शुक्रवारी, देव नाही असं म्हणणाऱ्यांनी ऐकावं, नर्सबाई गाडी घेऊन आल्या. या बाई घरोघर फिरून आजाऱ्यांच्या पट्ट्या बदलतात. "काका, चाळिसाच्या पुढे गेलं की पुढून घुमतं."

मी एक चक्कर मारली. मला काहीही ऐकू आलं नाही. समोरासमोरचं बोलणं कळतं मला, पण असली बारीक घरघर गेली दोन वर्षं माझ्या कानात शिरत नाही. मला दुःख व्हायला हवं होतं. झाला आनंद.

"बाई, हे माझ्या एकट्याचं काम नाही," मी म्हणालो. "तज्ज्ञ बोलवावा लागेल."

"कुठे असतो तज्ज्ञ?"

"चला, त्याच्या दारातच गाडी नेऊ."

घड्याळवाल्याच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. कान्या खोक्याला सुतळी बांधत होता. मला बघून त्याने सुतळीची गाठ पुरी केली, मग म्हणाला, "जाड झालास."

"गाडी घुमतेय. ऐकून दे."

"तुझे कान कुठे गेले?"

"तुझ्यामागे गेले, लेका. अजून आले नाहीत."

हसला नाही, पण चप्पल घातली.

मी चालवायला, तो शेजारी, नर्सबाई मागे. गिरणीमागच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी पन्नासला नेली. गिअर काढून मोकळी सोडली. "घुमणं तसंच आहे," मागून बाई म्हणाल्या. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं, दोष चाकाचाच. मग मी गाडी नागमोडी झुलवली, डावीकडे, उजवीकडे.

"कोणतं रे?" मी विचारलं.

कान्या काचेतून समोर बघत होता. उत्तर नाही. अजून राग आहे, मला वाटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. शेवटी मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, तेव्हा माझ्याकडे वळून ठणकावून म्हणाला, "उजवं."

"काका," मागून बाई म्हणाल्या, "उजवीकडे वळताना वाढतंय."

म्हणजे दोष डाव्यात. आणि बाई चांगल्या मोठ्याने बोलल्या होत्या. कान्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

मी गाडी कडेला घेतली. त्याच्याकडे पाहिलं. त्याने मांडीवरचे हात पाहिले.

"कधीपासून?" मी विचारलं. तो मान खाली घालून होता, म्हणून हनुवटी धरून वर केली आणि पुन्हा विचारलं.

"आठ वर्षं झाली," तो म्हणाला. "तीन वर्षं रागात काढली. मग म्हटलं, जाऊ दे, त्या गाढवाकडे जावं. तेवढ्यात हे गेले. कान नसताना कोणत्या तोंडाने येणार होतो?"

म्हणजे माझी चेन आठ वर्षं भिंतीसाठी खडखडत होती.

नर्सबाईंनी हळूच विचारलं, "मग आता माझ्या चाकाचं?"

गॅरेजात आणून गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. चाक वर-खाली धरून हलवलं, जराही सैल नव्हतं. हाताने फिरवलं, जरा जड, बस्स. कान्या म्हणाला, "स्प्रिंगवर बोटं ठेव. थरथर कळेल." माझ्या बोटांना चाळीस वर्षांचे घट्टे पडलेत, त्यांना विस्तव कळत नाही तर थरथर काय कळणार!

मग त्यानेच हातोडीचा सुटा दांडा उचलला. एक टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवलं, दुसरं माझ्या तोंडापुढे धरलं. "चाव."

"काय?"

"दातात धर, मूर्खा. हाडांतून ऐकू येतं. माझी कवळी आहे, नाहीतर मीच चावलं असतं."

नर्सबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी दांडा चावला. कान्याने चाक फिरवलं.

आणि काय सांगू! डोक्याच्या कवटीत आवाज उतरला. दोन वर्षांनी.

"बोल," कान्या म्हणाला.

दांडा काढून मी म्हणालो, "साखर सांडलेल्या फरशीवर चप्पल घासावी, तसं."

"एकसारखं?"

पुन्हा चावला. "एकसारखं. पण एका जागी दाताला ठेच लागते."

"फेरीला एकदा?"

"एकदाच."

कान्याने डोळे मिटले. "डावं गेलं. बेअरिंगच्या कडीला खड्डा पडलाय. काढ." मग डोळे न उघडताच म्हणाला, "आता उजव्याचं सांग."

"उजवं तर चांगलंय."

त्याला काय कळणार, डोळे मिटलेले. तरी पुन्हा म्हणाला, "सांग ना, चांगलं चाक कसं वाजतं ते."

आम्ही उजवीकडे गेलो. त्याने चाक फिरवलं, मी दांडा चावला. थापा मारायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत, इथे मात्र बराच वेळ लागला. त्याचा खांदा हलवून डोळे उघडायला लावले आणि म्हणालो, "दूध तापत ठेवतो ना, ते वर यायच्या जरा आधी असतं तसं."

"हां," तो म्हणाला. "तसंच असतं ते." आणि चाक आपोआप थांबेपर्यंत त्याने त्यावरचा हात काढला नाही.

डावं बेअरिंग निघालं तेव्हा कडीवर तांदळाएवढा खड्डा होता. नवं बसवलं. बाई चक्कर मारून आल्या, म्हणाल्या, "गप्प झालं हो, काका!" आणि गेल्या.

आम्ही हात धुवायला बसलो. मी साबणाकडे बघत पुटपुटलो, "तेव्हाही डावंच होतं."

"काय?"

मान वर करून जरा मोठ्याने म्हणालो. "काय?" त्याने पुन्हा विचारलं.

मग मी उभा राहिलो आणि घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "तेव्हाही डावंच होतं! तू बरोबर होतास! चूक माझी, आणि ढकलली मी तुझ्यावर!"

छापखान्याचं यंत्र थांबलं. बाइंडर ब्रश घेऊन बाहेर आला. "कोणावर ओरडताय?"

"स्वतःवर!" मी म्हणालो.

कान्या शांतपणे बोटं पुसत होता. "दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं मला. ओठ वाचतो मी."

"मग घसा का फोडायला लावलास?"

"त्या दिवशी यांनीही ऐकलं होतं ना." त्याने गल्लीकडे हनुवटी उडवली. आता मात्र हसला. कवळी फार पांढरी होती.

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "खोकी राहिलीत अजून," आणि निघाला. मी दारात उभा राहिलो. तो बाइंडरच्या पुढे गेला तेव्हा मी म्हणालो, "राहतोस का रे?"

हे ओरडून म्हणता येईना. पाठमोऱ्या माणसाला ओठ दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

कोपऱ्यावर तो थांबला. ज्याला ऐकू येत नाही त्याला रस्ता ओलांडताना नीट बघावं लागतं. त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मागे बघायचं त्याला काही कारण नव्हतं.