डाव्या कानामागची वेणी

धाकट्या भावाच्या, एफ्राइनच्या, जावळाचा दिवस उजाडला तेव्हा नेलिदाने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. डाव्या कानामागची वेणी ती स्वतः कापणार आणि जपून ठेवणार. बाकीच्या वेण्या गावाने खुशाल एकेक करून कापाव्यात.

ती वेणी आईने घातलेली होती. बटाट्याच्या काढणीत आईचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात जायच्या आधी तिने अंगणात बसून धाकट्याच्या डोकंभर बारीक वेण्या घातल्या, "मी येईपर्यंत विंचरायची कटकट नको," म्हणाली, आणि तालुक्याच्या ट्रकमध्ये चढली. ती परत आलीच नाही. जावळ झाल्याशिवाय पोराच्या केसांना कात्री लावायची नसते, त्यामुळे केस वाढत राहिले. उवा झाल्या, आंघोळी झाल्या, एकेक वेणी सुटत गेली. ही एक मात्र नेलिदाने कानटोपीखाली सांभाळली. विंचरू दिली नाही, धुऊ दिली नाही. मेंढीच्या शेपटीसारखी झाली होती, पण आईची होती.

आता एफ्राइन बालवाडीत जाणार होता. "पोरं त्याला 'बाईसाहेब' म्हणून चिडवतील," बाबा म्हणाले. "उरकून टाकू."

सकाळी नेलिदा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. साली खाली पडायच्या आत चुलीपाशी पाळलेले गिनीपिग पळवत होते. एवढ्यात सहा वर्षांची बहीण सुल्मा एफ्राइनला ओढत घेऊन आली. त्याचं डोकं तेलाने चकचकत होतं.

"ताई, बघ. सगळ्या वेण्या मी घातल्या. माझ्या मी."

नेलिदाची सुरी थांबली. "कानामागची?"

"ती घाणेरडी? सुटतच नव्हती बाई. सुईने सोडवली."

"मी रडलो नाही," एफ्राइन म्हणाला. "थोडाच रडलो."

नेलिदाचा हात उठला होता. पण सुल्माच्या बोटांची टोकं लालभडक झाली होती, आणि ती शाबासकीची वाट बघत अशी उभी होती, की हात परत बटाट्यांत गेला.

"छान झाल्यात," नेलिदा म्हणाली. मग बराच वेळ ती एकच बटाटा सोलत राहिली. त्यात सोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारी अंगण भरलं. एफ्राइनची धर्ममाता, कासिमिरामावशी, रिबीन बांधलेली कात्री घेऊन आली. तिने पहिली वेणी कापून ताटात ठेवली आणि एफ्राइनला एक मेंढी देऊ केली; जो वेणी कापेल त्याने पोराला काहीतरी द्यायचं, अशी रीतच होती. मग शेजारचे सातुर्नोकाका उठले.

"माझ्याकडून कोंबडी. एका डोळ्याने आंधळी आहे, पण अंडी काही डोळ्यांनी घालत नाही."

सगळे हसले. बाबासुद्धा हसले, फार दिवसांनी.

"आता ताईची पाळी," मावशीने नेलिदाच्या हातात कात्री दिली. "घे तुला हवी ती."

नेलिदाने एफ्राइनचा डावा कान पुढे वाकवला. सुल्माने भांग नव्याने पाडले होते. कानामागे तीन वेण्या, तिन्ही सारख्या.

"कोणती गं?" तिने हळूच विचारलं.

"ही," सुल्मा म्हणाली. मग ओठ चावत, "नाही, ही असेल."

नेलिदाने ती कापली. ताटात मात्र ठेवली नाही. मुठीत धरून ती घरामागे मेंढ्यांच्या वाड्याजवळ गेली आणि तिने वेणीचा एकेक पेड सोडवला. आत केसच होते. ना चुलीचा धूर, ना आईच्या हातांचा वास. नुसतं तेल.

सुल्मा मागोमाग आलीच.

"सोडलीस? एवढी घट्ट घातली होती मी."

"घट्टच होती. म्हणून तर वेळ लागला."

"नाही आवडली?"

"आवडली," नेलिदा म्हणाली. "परत घालून दे."

तिने केसांचं एक टोक चिमटीत धरलं. सुल्मा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि जीभ बाहेर काढून वेणी घालू लागली. नेलिदाच्या डोळ्यांतलं पाणी सुल्माच्या हातावर पडलं, तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "हलू नको ना, ताई."

तेवढ्यात एफ्राइन आला. त्याच्या डोक्यावर आता काहीच उरलं नव्हतं, आणि कानटोपी घसरून पार नाकापर्यंत आली होती. भिंत चाचपत तो त्यांच्याजवळ पोहोचला.

"ताई," तो टोपीच्या आतून म्हणाला, "माझी टोपी मोठी झाली."