सायीच्या रंगाची सीट

गोविंदरावांच्या मोटारीत बसायला दोन गोष्टी लागत: धुतलेले पाय आणि गोविंदरावांची परवानगी. पाय कुणालाही धुता येत.

गाडी त्यांनी मुंबईच्या एका बॅरिस्टरकडून घेतली होती. तिच्या सीटांना अस्सल चामडं होतं, तेही सायीच्या रंगाचं. बॅरिस्टरचा म्हातारा ड्रायव्हर चार दिवस डहाणूला राहिला आणि ते चामडं कसं राखायचं हे गोविंदरावांच्या वाडीतल्या सुकऱ्या गड्याला शिकवून गेला. चामडं म्हणजे कातडीच, आपल्या तोंडाला जे सोसत नाही ते तिला लावू नये, असं तो म्हणे. आधी मऊ ब्रशनं धूळ काढायची. मग गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, त्यावर साबणाचा नुसता फेस. घासायचं नाही, टिपायचं. लगेच कोरडं करायचं, सावलीत वाळू द्यायचं, शेवटी एरंडेलाचा हलका हात. गोविंदरावांना हा सगळा लाड वाटे. कातडीशी इतक्या नरमाईनं वागायची त्यांच्याकडे रीत नव्हती.

एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात सुकऱ्याचा धाकटा भाऊ लडक्या तलासरीला कुळकायद्याच्या सुनावणीत उभा राहिला आणि "जमीन मी कसतो" असे तीन शब्द बोलला. जमीन कागदावर गोविंदरावांची होती. लडक्या पायी घरी निघाला, तेव्हा उधव्याच्या रस्त्यावर मोटार त्याच्याशेजारी थांबली. मुकादम पांड्यानं त्याला केसांना धरून मागच्या सीटवर ओढलं. पाय धुवायचं त्या दिवशी राहून गेलं.

पुढे एका चिंचेखाली गाडी उभी करून गोविंदरावांनी जॅकचा दांडा काढला. आधी सीटवरच लडक्याचा जबडा फोडला, कारण बोलला होता तो. मग उजव्या हाताची बोटं मोडली, अंगठ्यापासून सुरुवात करून, कारण अर्जावर ठसा अंगठ्याचा होता. गोविंदराव कामात पद्धतशीर होते. वरोळी नदीच्या काठी त्याला टाकून दिलं. मासे धरायला आलेल्या बायकांना तो मेलेला वाटला, पण उचलताना ओरडला.

दवाखान्यात लडक्यानं खुणांनी फिर्याद सांगितली आणि शाळेतल्या महादेव मास्तरांनी ती लिहून घेतली. फौजदार चौकशीला गोविंदरावांच्या ओसरीवर आले, चहा प्याले.

"माझ्या मोटारीत मारलं म्हणतो?" गोविंदराव म्हणाले. "फौजदारसाहेब, माझा जावई धोतर झटकल्याशिवाय त्या सीटवर बसत नाही. तिथे मी ह्याला बसवीन?"

हे फौजदारांना पटलं. तालुक्यात कुणालाही पटलं असतं.

"तरी उद्या दुपारी येऊन गाडी पाहतो," ते म्हणाले. "कागदाला तेवढं लागतं. सीट स्वच्छ असली की फिर्याद खोटी. मग खोट्या फिर्यादीबद्दल त्यालाच आत घालतो."

आजच का पाहत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि गोविंदरावांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदरावांनी सुकऱ्याला बोलावलं. "बारा वाजायच्या आत सीट गोरी पाहिजे. डाग दिसला तर तुझ्या भावाशेजारी तुझी खाट टाकतो."

भावाचं रक्त भावाकडून पुसून घेण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सीट पुसायला माणूस तोच होता.

सुकऱ्यानं गार पाणी घेतलं, फडकं पिळलं आणि टिपायला बसला. वाईट गोष्ट अशी, की डाग निघत होता. फडकं तांबूस होई, तो धुई, पिळी, पुन्हा टिपी. विताएवढं चामडं सायीच्या रंगाचं झालं. शिवणीत एक दात अडकला होता. तो त्यानं काढून कनवटीला लावला. आपण लडक्याला पुसून टाकतो आहोत हे त्याला कळत होतं, पण हात शिकल्याप्रमाणे चालत होते आणि त्याची स्वतःची बायको समोरच गोविंदरावांच्या अंगणात गवत रचत होती.

दहाच्या सुमाराला गोविंदराव आले.

"सीट पुसतोस की गोंजारतोस?"

"निघतंय शेठ. वेळ लागल."

"वेळ तुझ्या बापाचा? न्हाणीतलं कढत पाणी आण. धुण्याचा सोडा टाक. काथ्याच्या कुंच्यानं घास."

"शेठ, गरम पाणी नको. गरम पाण्यानं रक्त शिजतं."

गोविंदरावांनी त्याच्या कानाखाली मारली. कान वाजत असतानाच सुकऱ्या दुसऱ्यांदा म्हणाला, "शेठ, सोड्यानं चामडं फाटल."

ह्या वेळी लाथ बसली, बरगडीत. तो उताणा पडला. "मला शिकवतोस? तुझ्या भावाला पण शिकवायची खाज होती!"

सुकऱ्या थोडा वेळ पडून राहिला. मग उठला, न्हाणीकडे गेला आणि हंड्यावर हात धरून पाहिला.

"शेठ," त्यानं आतून विचारलं, "आणखी उकळवू?"

"आता आली अक्कल!" गोविंदराव म्हणाले.

पाणी खळखळा उकळलं. सुकऱ्यानं त्यात मूठभर सोडा टाकला, हुकुमाप्रमाणे, आणि ते सीटवर ओतलं, हुकुमाप्रमाणे. कुंचाही अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून चालवला. वर गोविंदरावांनी गाडी सावलीतून उन्हात घ्यायला लावली, लवकर वाळावी म्हणून.

बाराच्या सुमाराला चामडं आखडलं आणि भेगाळलं. मधोमध परातीएवढा डाग बसला होता, शिजलेल्या काळजाच्या रंगाचा. गोविंदराव बघत उभे राहिले. तेवढ्यात फाटकाशी जीप वाजली.

गोविंदरावांना व्यवहारात कधी फार वेळ लागत नसे. त्यांनी सुकऱ्याची मान धरली आणि तोंड मोटारीच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा ते तोंड सीटवर दाबून धरलं, शाईवर टीपकागद दाबावा तसं.

फौजदार दोन पंचांना घेऊन आत आले. एक किराणा दुकानदार होता, दुसरे महादेव मास्तर.

"बघा हे गाढव!" गोविंदराव हाशहुश करत म्हणाले. "दारावर तोंड आपटून घेतलं आणि सगळी सीट भरवली."

फौजदारांना हायसं वाटलं. "लिहा मास्तर. सीटवर रक्ताचा डाग, नोकराच्या नाकाचा."

मास्तरांनी "रक्ताचा डाग" इथवर लिहिलं आणि टाक थांबवला. "साहेब, रंग दोन आहेत."

"सुकलं की काळं पडतं हो."

"ह्याचं तर अजून वाहतंय."

सुकऱ्यानं तोंड वर केलं. ओठातून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं, थेट सीटवर. "शेठ," तो म्हणाला, "पुसू का?"

आयुष्यभराची सवय अशी जात नाही. रक्त आपल्या चामड्यावर पडताना दिसल्याबरोबर गोविंदराव ओरडले, "पूस की भिकारड्या! बघतोस काय?"

सुकऱ्यानं सकाळची बादली ओढली. गार पाणी, पिळलेलं फडकं, साबणाचा फेस. घासलं नाही, टिपलं. भेगांतूनसुद्धा लाल रंग वर आला, फडक्यात उतरला. मास्तर वाकून पाहत होते. दुकानदारही वाकला. ताजं रक्त पुरतं गेलं. परातीएवढा काळपट डाग होता तसाच राहिला.

सुकऱ्यानं फडकं पुढे धरलं. "ह्ये माझं. निघालं." मग कनवटीचा दात काढून डागावर ठेवला. "ह्ये लडक्याचं. शेठनं शिजवलं."

गोविंदरावांनी गाडीतून जॅकचा दांडा उचलला आणि सुकऱ्याच्या हातावर घातला. मनगट लोंबलं. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसऱ्या घावाला धावत आलेल्या मुकादम पांड्यानंच त्यांना मागून मिठी मारली, कारण पंच बघत होते. फौजदारांनीही पाहिलं होतं. आता त्यांना न दिसणं कठीण होतं.

"लिहा," ते नाइलाजानं म्हणाले. मास्तर केव्हाचे लिहीत होते. दांडाही त्यांनी लिहिला, त्याला चिकटलेल्या केसांसकट.

सीट उचकटून पुरावा म्हणून बैलगाडीत घातली. गोविंदराव जीपमध्ये दोन शिपायांच्या मध्ये बसले होते, पाय न धुता. बैलगाडी भर उन्हात रस्त्याला लागली तसे ते उठून उभे राहिले.

"अहो, काहीतरी झाका त्याच्यावर!" ते ओरडले. "चामडं आहे ते, उन्हात ठेवू नका!"